अजमानमधली न भरलेली ओटी

भर दुपारी एक अनोळखी बाई दारात उभी राहून नारळ मागत होती. तिचा तो चेहरा मला आजही जसाच्या तसा आठवतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, मंत्र्यांचे बंदोबस्त उन्हातान्हात केले. पण कुणी विचारलं की साहेब, कुठली केस डोक्यातून गेली नाही, तर मी या नारळापासून सुरुवात करतो. गंमत म्हणजे तेव्हा मी ड्युटीवरही नव्हतो.

माझ्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. लेक आणि जावई दुबईत नोकरीला, पण राहायला अजमानला, कारण भाडं परवडतं. मला तिकडे जायचं तर वरिष्ठांची लेखी परवानगी हवी. ती मिळेपर्यंत अधिकाऱ्याचा रजेतला निम्मा उत्साह संपतो. तरी गेलो. नातीला शाळेच्या बसपर्यंत सोडायचं आणि खाली टपरीवजा कॅफेटेरियात चहा प्यायचा, एवढीच माझी ड्युटी. नात गोड आहे, पण मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. एक दिवस शाळेतून आली ती उड्या मारतच. तिच्या वर्गशिक्षिकेला बाळ होणार होतं, आणि त्यांनी मुलांसाठी केक आणला होता. कापला तर आतून गुलाबी.

"इट्स अ गर्ल, आजोबा!"

मी दचकलो. आमच्या तालुक्यात हे कुणी असं मोठ्यांदा ओरडलं असतं, तर सोनोग्राफी सेंटर तपासायला निघालेल्या पथकाबरोबर मला बंदोबस्त पाठवावा लागला असता. माझी लेक हसली. "बाबा, इथे हे लीगल आहे. सगळे विचारतात, डॉक्टर सांगतात. रिलॅक्स."

मी रिलॅक्स झालो. ते फार दिवस टिकलं नाही.

शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात तिशीच्या आतबाहेरची बाई, साधा पंजाबी ड्रेस, अंगावर ओढणी, पायात घरातल्या चपला. तिचं नाव लिहिणार नाही. पुढे आमच्या स्टेशनच्या कागदांत ती फिर्यादी झाली, म्हणून इथेही फिर्यादीच म्हणतो. ती माझ्या लेकीला म्हणाली, "ताई, दारावर मराठी पाटी दिसली म्हणून आले. तुमच्याकडे नारळ आहे का? असला तर माझी ओटी भराल?"

लेकीला काही कळेना. ती माझ्याकडे बघायला लागली. मला मात्र एक गोष्ट खटकली. ओटी कुणी मागून घेत नाही. घरातल्या मोठ्या बाईनं ती आपणहून भरायची, आणि घेणारीनं पदर पुढे करायचा. परक्या देशात, परक्या दारात जाऊन ओटी मागायची वेळ एखाद्या बाईवर येते, तेव्हा मागे काहीतरी घडलेलं असतं. पोलिसाचं नाक असल्या वासालाच लागलेलं असतं.

पण मी लगेच प्रश्न विचारले नाहीत. समोरच्याचं काम आधी होऊ द्यावं, मग आपलं काढावं, ही माझी जुनी पद्धत. लेकीनं देवापुढचा नारळ घेतला, तांदूळ घेतले, एक नवाकोरा ब्लाऊजपीस शोधला, हळदकुंकू लावलं. फिर्यादीनं ओढणी दोन्ही हातांनी पुढे धरली. ओटी भरून झाली तशी ती सोफ्याच्या कडेला बसली आणि ढसाढसा रडली. मग तिनं तोंड पुसलं आणि सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "काका, तुम्ही पोलिसात आहात ना? काकू म्हणत होत्या."

या काकू म्हणजे आमच्याच मजल्यावर टोकाच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बाई. वीसेक वर्षं आखातात काढलेल्या. नवरा फुजैराला बंदरावर, सुट्टीला येणार. या घरी मराठी लोकांचे डबे करायच्या आणि दोन खोल्या भारतातून फिरायला येणाऱ्यांना द्यायच्या. गणपतीत सगळ्या मजल्याला मोदक वाटणाऱ्या. त्यांच्या हातची आमटी मीही आवडीनं खाल्ली होती.

फिर्यादी आणि तिचा नवरा काकूंकडेच उतरले होते. माझ्याच जिल्ह्यातले, माझं ठाणं ज्या तालुक्याच्या गावी, तिथलेच. नवऱ्याचं ट्रॅक्टरचं शोरूम. ती शाळेत शिकवायची. पहिली मुलगी होती, ती आजीकडे ठेवलेली. दुसऱ्यांदा दिवस राहिल्याचं कळल्याबरोबर घरात एकदम लाड सुरू झाले. गावातल्या ट्रॅव्हलवाल्यानं दुबईची सहल ठरवून दिली. इथे आल्यावर काकू तिला एका लॅबमध्ये घेऊन गेल्या, रक्त घेतलं. आता दहा आठवड्यांच्या पुढे गेलं की नुसत्या रक्तावरून मुलगा की मुलगी ते कळतं. लॅब रीतसर, तपासणीही रीतसर. तिथे त्यात कुणी काही चोरून करत नाही.

मी विचारलं, "रिपोर्ट काय आला?"

"हे म्हणाले, बाळ नॉर्मल आहे. मुलगा का मुलगी विचारलं, तर म्हणाले ते त्यांनी सांगितलंच नाही."

"मग तुम्हाला शंका कशाची?"

"काकूंनी माझी ओटी भरली नाही."

मला वाटलं रुसवा आहे. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं. "काल शेजारच्या खोलीतली निघाली. तीही माझ्यासारखीच, तिसरा महिना. तिची काकूंनी साग्रसंगीत ओटी भरली. नारळ, खण, तांदूळ, पाठीवरून हात. तिचा नवरा पेढे वाटत होता. आज आमचं पॅकिंग चाललंय, उद्या दुपारची फ्लाइट. मला नुसतं कुंकू लावलं, तेही खाली बघत. मी आपणहून ओढणी पुढे केली, तर म्हणाल्या नारळ संपलेत. काका, त्यांच्या ओट्याखाली नारळांची टोपली भरलेली होती."

लेकीचा हात तोंडावर गेला. मला आता सगळं स्वच्छ दिसायला लागलं होतं.

"परवा सकाळी गावी डॉक्टरकडे चेकिंगला जायचंय म्हणतात," ती म्हणाली. "चेकिंग इथे झालं ना? मग तिथे परत कसलं? मला माहितीये कसलं. मी ते करू देणार नाही. माझी मुलगी त्यांच्या घरात आहे, माझा पासपोर्ट यांच्याकडे आहे, पण मी करू देणार नाही."

उठताना लेकीनं मला बाजूला घेतलं. "बाबा, इथे तुम्ही पोलीस नाही आहात, लक्षात ठेवा. उगाच आवाज चढवू नका." तिचं बरोबर होतं. त्या मजल्यावर माझा अधिकार तिथल्या वॉचमनपेक्षाही कमी होता. बरं, गुन्हा तरी कुठला सांगणार होतो? त्या देशात बाळ काय आहे हे विचारणं गुन्हा नाही. पण चहाला जायला कुठला कायदा आड येतो? मी लेकीला घेऊन काकूंकडे गेलो. फिर्यादी मागोमाग आली. तिचा नवरा बाजारात अत्तरं आणि खजूर घ्यायला गेला होता.

चौकशीचं माझं एक साधं गणित आहे. माणसानं काय वाईट केलं ते विचारू नये, तो नकार देतो. त्याला कशाचा अभिमान आहे ते विचारावं, तिथे तो भरभरून बोलतो. काकूंचा चहा झक्क होता, तो मी मनापासून वाखाणला. मग म्हणालो, "परदेशात राहून तुम्ही सगळं रीतीनं करता, हे मला फार आवडतं हो. लेक सांगत होती, पोटुशी बाई तुमच्याकडून रिकाम्या ओटीनं जात नाही."

काकू खुलल्या. "नाहीच साहेब. माहेरपण कोण करणार इथे त्यांचं? मी सगळं ठेवते. खण पुण्याहून मागवते."

"वा. मग हिची कधी भरताय? उद्या निघतेय म्हणे."

काकूंच्या हातातली बशी टेबलावर गेली. नजर फिर्यादीवर गेली, तिच्या ओढणीतल्या नारळावर गेली, आणि तिथेच अडकली. "हा कुणी दिला?"

"मी," माझी लेक म्हणाली.

"अगं, कशाला दिलास?" काकू एकदम कळवळून बोलल्या. "तिची भरायची नसते गं!"

"का नसते?" मी विचारलं.

मी घाई केली नाही. चौकशीत गप्प बसणं हे निम्मं काम असतं, आणि नवे अधिकारी नेमकं तेच करत नाहीत. काकूंनी पदराच्या टोकाशी चाळा केला, मग एकाएकी त्यांना रडू फुटलं. "साहेब, मी देवाधर्माची बाई आहे. जे पोटात राहूच द्यायचं नाही, त्याची ओटी कशी भरू? नारळ देऊन आशीर्वाद द्यायचा आणि दोन दिवसांत... मला पाप लागेल ना! मी फक्त लॅब दाखवते. पुढचं त्यांचं ते बघतात. माझा काय संबंध?"

मी आयुष्यात पुष्कळ कबुल्या ऐकल्या. अशी ऐकली नव्हती. लॅबपर्यंत बाईला हाताला धरून न्यायचं, निकाल तिच्या नवऱ्याच्या कानात सांगायचा, आणि वर स्वतःची पुण्याई सांभाळायला नारळ लपवायचा! काकूंनी मुकाट्यानं सगळ्यांच्या ओट्या भरल्या असत्या, तर कुणालाही काही कळलं नसतं. माणूस पोलिसाला घाबरत नाही, देवाला घाबरतो आणि तिथे सापडतो, हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

फिर्यादी पुढे झाली. "काकू, म्हणजे मुलगीच आहे. ठीक आहे. माझी ओटी भरली गेलीय आणि मी ती घेऊन घरी जाणार आहे. तुमचा आशीर्वाद नको मला."

नेमका तेव्हाच नवरा पिशव्या घेऊन दारात आला. प्रकार लक्षात यायला त्याला वेळ लागला नाही. आधी हसला, मग चिडला. "काका, हा आमच्या घरातला मॅटर आहे. इथे टेस्ट लीगल आहे. तुमची इथे काय पॉवर?"

"काही नाही," मी म्हणालो. "इथे मी एका मुलीचा बाप आहे, तेवढाच."

"मग खलास. चल गं, बॅगा भर."

"मी येणार आहे," फिर्यादी म्हणाली. "माझी पोर तिथे आहे. पण माझा पासपोर्ट माझ्या हातात द्या, आणि त्या डॉक्टरकडे मी पाय ठेवणार नाही. इथल्या इथे सांगते, सगळ्यांसमोर."

तो पासपोर्ट काढेना. तेव्हा माझी लेक, जिनं मला आवाज चढवू नका म्हणून बजावलं होतं, तिनंच आवाज चढवला. "दादा, इथे दुसऱ्याचा पासपोर्ट अडकवून ठेवला तर पोलीस कम्प्लेंट घेतात. मी आत्ता फोन लावते. मग उद्याची फ्लाइट इन्शाल्ला पुढच्या महिन्यात पकडा. यल्ला, चला, द्या इकडे." त्यानं दिला. पोलीस मी, आणि पंचनामा माझ्या लेकीनं उरकला.

त्या रात्री फिर्यादी आमच्याकडे झोपली. मी रजा आटोपती घेतली आणि दुसऱ्या दिवशी त्याच विमानात जागा मिळवली. विमानतळावर माझ्या ठाण्यातली महिला उपनिरीक्षक गाडी घेऊन हजर होती. फिर्यादी आधी सासरी गेली, तीही पोलिसांच्या गाडीतून. थोरल्या मुलीला उचललं, सासूबाई काय काय बोलत होत्या ते ऐकून घेतलं, आणि तिथून थेट ठाण्यात येऊन जबाब दिला. पोर तिच्या मांडीवर बिस्किट खात होती. जबाब वाचून दाखवल्यावर फिर्यादीनं दोन ठिकाणी दुरुस्त्या सांगितल्या. शिक्षिका होती ना.

आता खरी मारामारी सुरू झाली. नवऱ्यानं फोन करून डॉक्टरला सावध केलं होतं. परवाचं 'चेकिंग' कुणी ठरवलंच नव्हतं म्हणे. डॉक्टर म्हणाले, मी या बाईंना ओळखत नाही. ट्रॅव्हलवाला म्हणाला, मी बुर्ज आणि वाळवंट दाखवतो. वरून निरोप आला, "परदेशातलं लफडं अंगावर कशाला घेता? शांतपणे रिटायर व्हा." एका पुढाऱ्यानं फोन करून सांगितलं की मुलगा चांगल्या घरचा आहे. मी म्हणालो, "साहेब, घर चांगलं आहे म्हणूनच त्यात आणखी एक मुलगी वाढायला काय हरकत आहे?" त्यांनी फोन ठेवला. मला बरं वाटलं.

गर्भलिंग निदानाच्या कायद्याखाली कोर्टात तक्रार आरोग्य खात्याच्या नेमलेल्या अधिकाऱ्यानं करायची असते, पोलिसांनी त्याला मदत करायची. पण बाईच्या मनाविरुद्ध गर्भ पाडायचा कट हा आमचा गुन्हा होता, आणि तो आमच्या हद्दीत शिजला होता. तो मी दाखल केला. मग ट्रॅव्हलवाल्यानं आधी पाठवलेल्या जोडप्यांकडे उपनिरीक्षक बाईला साध्या कपड्यांत पाठवलं. ती हात हलवत परत आली. जिथे जाईल तिथे सासू शेजारी बसायची आणि सून पाठ केल्यासारखं सांगायची, आम्ही फिरायला गेलो होतो, मॉल बघितला, मजा आली. आणि बहुतेक घरांत पुढचं वाक्य एकच, त्यानंतर आपोआप गर्भपात झाला, नशीब आमचं.

उपनिरीक्षक वैतागली. मी तिला म्हटलं, "लॅबचं विचारूच नकोस, डॉक्टरचंही नको. एकच विचार. निघताना काकूंनी ओटी भरली का?"

तिला वाटलं म्हातारा निवृत्तीच्या आधीच बहकला. पण गेली. त्या प्रश्नात सासवांना काही वावगं दिसलं नाही. देवाधर्माचा प्रश्न, त्या बिनधास्त बसून राहिल्या. पहिल्या घरातल्या सुनेनं मात्र प्रश्न ऐकून हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "नाही भरली. सगळ्यांची भरत होत्या, माझी नाही भरली." आणि जे रडायला लागली ते थांबेना. सासू म्हणते, अगं एवढ्याशा गोष्टीला काय रडतेस? त्यावर सूनबाई उसळली, "एवढीशी गोष्ट? मला तिथेच कळलं होतं, आई. मला तिथेच कळलं होतं तुम्ही काय करणार आहात ते!" आणि मग डॉक्टरचं नाव, मागच्या दारानं नेलं ते, सही कुणी केली ते, सगळं बाहेर आलं.

दुसऱ्या घरात तेच झालं. तिसऱ्या घरातली सून म्हणाली, माझी भरली होती, आणि पाळण्यातला मुलगा दाखवला. या बायकांना कुणी रिपोर्ट दाखवला नव्हता, पण प्रत्येकीला निकाल ठाऊक होता. फक्त तो प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. ज्या सुनांनी जबाब दिले, त्यांनी ते सासरच्या उंबऱ्याआत बसून दिले. मला कुणी पोलिसांच्या शौर्याच्या गोष्टी सांगायला लागलं की मला या बायका आठवतात. आमच्या कमरेला निदान पिस्तूल असतं.

डॉक्टर, ट्रॅव्हलवाला आणि फिर्यादीचा नवरा यांना अटक झाली, नंतर जामीनही झाला. हॉस्पिटलला लागलेलं सील पुढे निघालं आणि डॉक्टरांनी पाटी नव्यानं रंगवून घेतली. लिहिताना अजूनही माझं रक्त तापतं, आणि तापावंच. काकूंनी डबे बंद करून अजमान सोडलं, असं लेकीकडून कळलं. त्यांच्या नावाचं समन्स न बजावताच परत आलं. केस चालायला लागली तोवर मी निवृत्त झालो होतो.

फिर्यादीची साक्ष झाली तेव्हा मी कोर्टात मागच्या बाकावर होतो. बचावाचे वकील नावाजलेले. चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "बाई, तुमच्या पोटात मुलगी आहे, असं तुम्हाला लॅबनं सांगितलं?"

"नाही."

"तुमच्या पतीनं सांगितलं?"

"नाही."

"रिपोर्ट तुम्ही पाहिलात?"

"नाही."

"म्हणजे कुणाच्या तरी नारळावरून तुम्ही कुभांड रचलंत आणि नवऱ्याला आरोपी केलंत. या कटाला पुरावा काय?"

फिर्यादी पिंजऱ्यात ताठ उभी होती. "पुरावा बाहेर माझ्या आईजवळ बसलाय, साहेब. दीड वर्षाची आहे. बोलावू का आत?"

वकील खाली बसले. न्यायाधीशांनी उत्तर शब्दशः लिहून घ्यायला सांगितलं.

लोक मला विचारतात, या केसनं काय शिकवलं? एक तर हे शिकवलं की बाळ काय आहे ते कळणं हा काही रोग नाही. त्याच देशात तोच निकाल ऐकून एक शिक्षिका वर्गात केक वाटते आणि आमची माणसं विमानाचं तिकीट काढतात. आपण यंत्रांना कुलपं घातली, ती घालायलाच हवीत. पण कुलूप चुकवून जाणारा कुठल्याही देशात जाऊन विचारून येतो. त्याला अडवते ती शेवटी ती बाई. ती 'नाही' म्हणते त्या क्षणी तिच्या मागे कोण उभं आहे, यावर सगळं ठरतं. त्या दुपारी तिच्या मागे एक रजेवरचा म्हातारा आणि त्याची लेक होती. एवढं पुरलं.

निकाल अजून लागलेला नाही. तारखा पडतात. नवऱ्याकडून दर तारखेला निरोप येतो, तडजोड करा, पैसे घ्या, केस मागे घ्या. फिर्यादी दर वेळी नाही म्हणते. माझे जुने सहकारी म्हणतात, साहेब, आता पुरे, आराम करा, तुमचं वय झालं. मी त्यांना सांगतो की सरकार मला पेन्शन देतं ते घरी बसायला असं कुठेही लिहिलेलं नाही. पुढच्या तारखेलाही ती दोन्ही मुलींना घेऊन येणार आहे, आणि मीही जाणार आहे.